मॅकेनाज गोल्ड सांगणारे काका

इंग्रजी सिनेमाच्या बाबतीत आमच्या पिढीच्या मराठी घरांत दोन तट असतात. एक ज्यांनी 'मॅकेनाज गोल्ड' पाहिला त्यांचा, दुसरा ज्यांनी तो ऐकला त्यांचा. दुसरा तट मोठा. तालुक्याच्या गावात इंग्रजी सिनेमा सहसा फिरकत नसे. त्यामुळे घरातला जो कुणी शिकायला पुण्या-मुंबईला असे, तो दिवाळीच्या सुट्टीत येताना धुवायचे कपडे आणि एखादा सिनेमा घेऊन येई. कपडे आजी धुवायची आणि सिनेमा रात्री सगळ्यांना पुरवून पुरवून वाढला जायचा.

या माणसाला समाजाने काही पदवी दिलेली नाही. कीर्तन करणाऱ्याला बुवा म्हणतात, पोवाडे गाणाऱ्याला शाहीर म्हणतात, सिनेमा सांगणाऱ्याला घरातले लोक 'झालं याचं सुरू' म्हणतात. पण तो ओळखू येतो. तो गोष्ट कधीच गोष्टीपासून सुरू करत नाही, तिकिटापासून करतो. रांग किती होती, ब्लॅकवाला काय म्हणाला, पुढच्या खुर्चीवरच्या माणसाचं डोकं केवढं होतं, हे झाल्याशिवाय पडदा उघडत नाही. सांगताना तो श्रोत्यांकडे न बघता आढ्याकडे बघतो, कारण पडदा तिथे असतो. घोडे, बंदुका, दरड आणि पार्श्वसंगीत हे सगळं तो तोंडाने काढतो आणि त्यातली दरड बहुधा उत्तम असते. मूळ इंग्रजीतलं निम्मं त्याला कळलेलं नसतं. म्हणूनच त्याच्या सांगण्यात कुठे खळगा म्हणून राहत नाही. मध्येच कुणी शंका काढली तर 'ते पुढे येतंय' एवढंच उत्तर मिळतं. बहुतेक वेळा ते पुढे येत नाही.

आमच्या कऱ्हाडच्या घरात हे काम नानाकाकांकडे होतं. नाना सत्तरच्या दशकात पुण्याला डिप्लोमा करायला होते आणि तिथे त्यांनी तो पाहिला. कुठे, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. नाना म्हणतात 'अलका'ला. आत्या तेव्हा पुण्यातच होती. ती म्हणते, 'राहुल'ला, कारण तिच्या सायकलवरून नाना गेले होते आणि सायकल पंक्चर करून आणली ती शिवाजीनगरच्या बाजूने. पुढे नाना पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर झाले, बंधारे बांधले, कालवे खणले, निवृत्त झाले. पण त्यांच्या आयुष्यात पाहिलेला डोंगर एकच, तो ॲरिझोनातला.

सिनेमा तसा नावाजलेल्या लोकांचा. निर्माता कार्ल फोरमन, ज्याने 'हाय नून' लिहिला होता. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन. नायक ग्रेगरी पेक. याच तिघांनी १९६१ साली 'गन्स ऑफ नॅव्हरोन' करून जग गाजवलं होतं आणि १९६९ मध्ये तेच हा वेस्टर्न घेऊन आले. बेत सुमारे तीन तासांच्या भव्य सिनेमाचा होता. स्टुडिओने कात्री लावून तो १२८ मिनिटांवर आणला आणि जिथे जिथे कापलं तिथे मधलं बोलायला एक निवेदक बसवून दिला. अमेरिकेत तो आपटला. पण जगात दोन मोठ्या देशांनी त्याला पोटाशी धरलं, एक सोव्हिएत युनियन आणि दुसरा आपण. समाजवादाच्या वाटेवर निघालेल्या या दोन देशांतल्या जनतेला सोन्याच्या दरीची गोष्ट एवढी का भावली, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हरकत नाही. नानांच्या मते त्यात न कळण्यासारखं काही नाही. 'अरे, सोनं होतं,' ते म्हणतात.

गोष्ट अशी. एका म्हाताऱ्या अपाची प्रमुखाकडे सोन्याच्या दरीचा नकाशा असतो. तो मरताना नकाशा मार्शल मॅकेनाच्या हाती येतो. मॅकेनाचा असल्या गप्पांवर विश्वास नाही, तो नकाशा जाळून टाकतो. तेवढ्यात कोलोरॅडो नावाचा मेक्सिकन दरोडेखोर येऊन पोहोचतो. आता नकाशा फक्त मॅकेनाच्या डोक्यात, म्हणून डोकं शाबूत ठेवून मॅकेनाला पळवतात. पुढे हळूहळू गावभर बातमी फुटते आणि सोन्यामागे निघालेल्यांची दिंडी वाढत जाते. शेवटी एका सुळक्यापाशी सगळे पोहोचतात. पहाटे उन्हं आली की त्या सुळक्याची सावली सरकत जाऊन डोंगरातल्या छुप्या वाटेवर बोट ठेवते. आत सोनं. मग मारामारी, मग भूकंप.

एवढ्या ऐवजावर नाना तीन रात्री काढत. वीज गेली की सुरू. मधोमध पाण्याचा तांब्या, तो सुळका. कंदील म्हणजे सूर्य. नाना कंदील जमिनीलगत धरून हळूहळू सरकवत आणि तांब्याची सावली आमच्या अंगांवरून, भिंतीवरून सरकत देवघराच्या दाराशी जाऊन थांबे. तिथे सोनं आहे याबद्दल आम्हा मुलांची खात्री होती. भूकंपाला ते दोन्ही हातांनी माळ्याकडे जाणारी लाकडी शिडी हलवत. एकदा वरून खरोखरच लाडूंचा रिकामा डबा पडला आणि शेजारच्यांनी कडी वाजवून विचारलं, काय झालं. आजीने सांगितलं, 'काही नाही, नानाचा सिनेमा संपतोय.'

श्रोत्यांप्रमाणे गोष्ट बदलायची. आजीला कोलोरॅडो आवडे, कारण तो हसतमुख. तेव्हा नानांनी त्याला एक आजारी आई दिली. आजोबांना फुकटचं सोनं चालत नसे, म्हणून नानांचा मॅकेना शेवटी घोड्याच्या पिशवीत हात घालतो, सोनं बघतो आणि नदीत भिरकावून देतो. ॲडम्स नावाचा एक आंधळा म्हातारा आहे, ज्याने तरुणपणी ती दरी पाहिली आणि अपाचींनी ज्याचे डोळे जाळले. त्याच्या मरणाला नाना अर्धा तास देत. म्हातारा जमिनीवर पडलाय, बोटांनी माती चाचपतोय, ती हुंगतोय आणि म्हणतोय, 'आलं, जवळ आलं.' इथे आत्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आत्या भूगोल शिकवायची. तिच्या डोळ्यांत पाणी आणणं सोपं नव्हतं.

मग एशियाडनंतर गावात व्हीसीआर भाड्याने मिळू लागला. रात्रभराचा व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी. नानांचं नुकतंच लग्न झालं होतं. काकूंना तो सिनेमा एकदा डोळ्यांनी दाखवावा असा सगळ्यांनीच धोशा लावला. नाना फारसे उत्सुक दिसेनात. 'छोट्या पडद्यावर मजा नाही त्याची,' असं दोन-तीनदा म्हणाले. पण कॅसेट आली. आजी पुढे, पोरं जमिनीवर, शेजारचे दारात. सगळ्यांना गोष्ट पाठ, त्यामुळे पात्र दिसायच्या आधीच नावं पुकारली जात होती. नाना मागे भिंतीला टेकून बसले होते आणि चेहऱ्यावर घाम होता.

दरोडेखोरांचं टोळकं एका पाणवठ्यावर पोहोचलं तसे नाना ताडकन उठले. 'ट्रॅकिंग गेलं,' असं म्हणत ते टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले. पाठ टीव्हीकडे, तोंड आमच्याकडे आणि हात मागे नेऊन कसलंतरी बटण फिरवताहेत. चित्र आमच्या मते व्यवस्थित होतं, जेवढं नानांच्या दोन्ही बाजूंनी दिसत होतं तेवढं. नानांनी तिथूनच धावतं समालोचन सुरू केलं. 'आता ते पाणी पितात. घोडेपण पितात. खूप तहान लागलेली असते.' मागून पाण्याचा नुसता खळखळाट आणि एका बाईची किंकाळी. आजी ओरडली, 'नाना, बाजूला हो रे, पोरगी बुडतेय की काय कुणाची!'

आजीचं बरोबर होतं. हेशके नावाची अपाची तरुणी त्या प्रसंगात दुसरीला खरोखरच बुडवायला बघते. फक्त ती हे काम करते ते अंगावर काही न घालता. नानांच्या तीन रात्रींच्या सिनेमात हा प्रसंग कधी आलाच नव्हता. सेन्सॉर बोर्डाने थिएटरात त्यातलं काय ठेवलं होतं आणि काय नाही, हे नाना आजतागायत स्पष्ट करत नाहीत. पण हा एक सिनेमा त्यांनी पुन्हा पुन्हा का पाहिला, मेसचे पैसे तुंबवून का पाहिला, याचा हिशेब त्या रात्री बऱ्याच जणांच्या मनात लागला. काकूंनी सकाळी चहा देताना एवढंच विचारलं, 'सोन्यासाठीच जात होतात ना?'

मागच्या दिवाळीत सगळे पुण्याला जमलो तेव्हा पोरांनी तो पुन्हा लावला. आता भिंतभर टीव्ही आहे, चित्र स्वच्छ आहे आणि घात त्या स्वच्छतेनेच केला. पूर्वी जे धुरकट म्हणून भव्य होतं ते सगळं उघडं पडलं. नदीच्या लोंढ्यात तराफा चाललाय, त्यावर मोठमोठे नट गटांगळ्या खाताहेत आणि मागची नदी सरळ सरळ पडद्यावर चालू आहे. कड्यावरून घोडा जातो तेव्हा घोडाही बाहुली आणि स्वारही बाहुली. भूकंपात कोसळणारे डोंगर आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या देखाव्यात शोभले असते. काही भाग ७० एमएमच्या मोठ्या कॅमेऱ्याने टिपलेला, काही साध्या ३५वर. त्यामुळे एकाच मारामारीत एक ठोसा लख्ख आणि पुढचा मातकट. ग्रेगरी पेकच्या चेहऱ्यावर सबंध सिनेमाभर एकच भाव आहे, हे कधी संपणार.

आणि ती नटमंडळी! एडवर्ड जी. रॉबिन्सन, ली जे. कॉब, रेमंड मॅसी, बर्जेस मेरेडिथ, अँथनी क्वेल, ईलाय वॉलाक. हॉलिवूडमध्ये त्या वेळी जे जे सन्माननीय ज्येष्ठ मोकळे होते, ते सगळे सोन्याच्या वाटेवर मध्येच येऊन मिळतात, प्रत्येकी एक-दोन वाक्यं बोलतात आणि घोडदळाच्या गोळीबारात बहुतेक सगळे एकगठ्ठा संपतात, आहेर देऊन न जेवता परत गेलेल्या पाहुण्यांसारखे. आत्या ॲडम्सच्या मरणाची वाट बघत पदर सावरून बसली होती. आंधळ्या म्हाताऱ्यासाठी सिनेमाकडे तेवढा वेळच नव्हता. माती नाही, हुंगणं नाही, 'आलं, जवळ आलं' तर नाहीच.

'नाना, अरे तो ॲडम्स?' आत्याने विचारलं.

'कापलंय,' नाना शांतपणे म्हणाले. 'तीन तासांचा होता, सव्वादोन केला. तूच वाच कुठेही.'

असल्या माणसाला कोंडीत पकडणं अवघड असतं, कारण त्याच्या बाजूने इतिहास असतो. पोरं फोनवर एकेक माहिती काढत होती आणि नाना ती आपल्या खात्यात जमा करत होते. कोलोरॅडो झालेला ओमर शरीफ मेक्सिकन नाहीच, इजिप्तचा आहे. 'ऊन तेच,' नाना म्हणाले. अपाची प्रमुख झालेला एदुआर्दो चियान्नेली इटलीत जन्मला. थोराड अपाची हाचिता म्हणजे टेड कॅसिडी, 'ॲडम्स फॅमिली' मालिकेतला नोकर. हेशके झालेली ज्युली न्यूमार त्याआधी 'बॅटमॅन'मधली कॅटवूमन होती. या शेवटच्या माहितीवर नानांनी काही भाष्य केलं नाही, काकू समोर होत्या. संगीत क्विन्सी जोन्सचं, ज्याने पुढे मायकेल जॅक्सनचं 'थ्रिलर' केलं. सुरुवातीचं गिधाडाचं गाणं होजे फेलिसियानोने गायलंय. नानांनी मान हलवली. हे सगळं आपण त्या काळी पारखलं होतं, असा त्या मान हलवण्याचा अर्थ.

सगळ्यात मोठी भर धाकट्या पुतण्याने घातली. या सिनेमाच्या शूटिंगवर फोरमनने काही फिल्म-विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. प्रत्येकाने तिथे एक छोटी फिल्म करायची. त्यातल्या एकाने नटांकडे आणि कॅमेऱ्यांकडे जवळजवळ पाठच फिरवली आणि वाळवंट, ढग, उन्हाच्या सावल्या असलं काहीतरी टिपून आणलं. तो जॉर्ज लुकास. दहा वर्षांनी त्याने 'स्टार वॉर्स' काढला. पुतण्याला सुचवायचं होतं की शहाण्या माणसाने तेव्हाच ओळखलं. नानांनी अर्थ उलटा घेतला. 'बघ,' ते म्हणाले, 'मॅकेना नसता तर तुमचं ते स्टार वॉर्स झालंच नसतं.'

मग सुळका आला. सगळं घर गप्प. कितीही बाहुल्या असल्या तरी इथे अजून अंगावर काटा येतो, हे मी कबूल करतो. ऊन चढायला लागलं, सुळक्याची सावली निघाली, लांब लांब होत समोरच्या कड्याकडे जाऊ लागली.

'सूर्य वर येतोय ना?' आत्या म्हणाली.

'हो.'

'मग सावली लांब कशी होतेय? सूर्य वर आला की सावली आखूड होते. पाचवीला शिकवायचे मी हे.'

टीव्हीवर दरोडेखोर घोडे उधळत सावलीमागे धावत होते. इकडे कुणी काही बोलेना. कंदील जमिनीलगत सरकवणाऱ्या माणसाने आयुष्यभर बंधाऱ्यांच्या उंच्या मोजल्या होत्या. सावलीचं गणित त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही.

'तो ॲरिझोनाचा सूर्य आहे,' नाना म्हणाले.

आता योग असा की नानांची मुलगी फिनिक्सला असते, म्हणजे ॲरिझोनातच. जून महिन्यात नाना-काकू तिच्याकडे गेले. ग्रँड कॅन्यन, लास व्हेगास वगैरे मुलीने आखून ठेवलं होतं. नानांनी फक्त एक जागा सांगितली, स्पायडर रॉक. सिनेमातला सुळका खरा आहे. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, नॅव्हाहो लोकांच्या प्रदेशात, कॅन्यन डी शे नावाची दरी आहे आणि तिच्यात हा साधारण साडेसातशे फुटांचा तांबडा दुहेरी खांब उभा आहे. सिनेमाने तो अपाचींना देऊन टाकला आणि मूळ मालकांना विचारलंही नाही. तेही गोष्टीला साजेसंच.

पहाटेची सावली डोळ्यांनी बघून आत्याचं तोंड बंद करायचं, हा नानांचा खरा हेतू. आदल्या दिवशी पाच-सहा तास गाडी चालवून सगळे चिनली गावात मुक्कामाला पोहोचले. सूर्योदयाची वेळ नानांनी स्वागतकक्षात विचारून घेतली आणि मुलीला सांगितलं, गजर लावू नकोस, मी उठवतो. नानांच्या मनगटावर नोकरी लागल्यापासूनचं किल्लीचं एचएमटी आहे. ते फिनिक्सच्या वेळेवर होतं. आता फिनिक्ससकट जवळजवळ सगळं ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नॅव्हाहो प्रदेश मात्र करतो. एकाच राज्यात तासाचा फरक. एचएमटीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

नाना वेळेवर उठले, वेळेवर सगळ्यांना हाकलत निघाले आणि कड्यावर पोहोचले तेव्हा सूर्य तासाभराचा झाला होता. सावली बापडी आखडती घेत परत निघालेली. दुसरा धक्का म्हणजे ती जागा दरीच्या काठावर आहे, सुळका खाली दिसतो. पन्नास वर्षं मान वर करून बघितलेल्या गोष्टीकडे वाकून बघावं लागलं, याचा नानांना मनस्वी राग आला. काकूंना मात्र जागा आवडली. त्या म्हणाल्या, पाणवठा कुठे दिसत नाही.

काठावर एक नॅव्हाहो गृहस्थ चांदीचे दागिने मांडून बसले होते. त्यांनी मुलीला सुळक्याची खरी गोष्ट सांगितली आणि तिने ती मराठीत केली. वरच्या टोकाला जाळं विणणारी आजी राहते. नॅव्हाहो बायकांना माग तिनेच शिकवला. आणि पोरं ऐकत नसली की आईबाप त्यांना सांगतात, ती उचलून वर नेईल. टोकाकडचा पांढुरका भाग दिसतो ना, ती तसल्याच पोरांची हाडं. नानांनी हे दोनदा सांगायला लावलं. मुलीला वाटलं, वडील भारावले. मी तिथे असतो तर तिला सांगितलं असतं की हा माल भरून घेतोय.

गणपतीत नाना कऱ्हाडला आले. आरती झाली, नातवंडं-पतवंडं गोळा झाली. वीज होती, ती नानांनी बंद करायला लावली. सुरुवात अर्थात तिकिटापासून, या वेळी विमानाच्या. मग चिनली, मग काळोख, मग कडा. ऐन सूर्योदयाला नाना काठावर उभे. उन्हं सुळक्याच्या माथ्याला लागली, वर जाळं विणणारी आजी जागी झाली, पोरांची हाडं खुळखुळली आणि सावली निघाली. लांब, आणखी लांब. आत्याने तोंड उघडलं आणि का कोण जाणे, मिटलं. मोबाइलच्या टॉर्चवर तांब्याची सावली देवघराकडे चालली होती आणि एक चिमुरडी उठून तिच्या मागे निघाली होती.

काकू दारात उभ्या होत्या. 'अहो, पण हे सगळं होत होतं तेव्हा मी कुठे होते?'

नाना आढ्याकडे बघत क्षणभर थांबले. 'तुला हेशकेने पाण्यात ढकललं होतं.'

'असं होय,' काकू म्हणाल्या. 'मग आता तरी मध्ये उभे राहू नका. मला बघायचंय.'